माशांची जोडी, बैलांच्या मापाने

चौदा डिसेंबर, रविवार. सव्वीसशे रुपये. घरात आम्ही तिघं: मी, पत्नी आणि हसनाबादहून आमच्याकडे परतूरला राहायला आलेले वडील. रक्कम एका माशाची. खाऱ्या पाण्यातला, पिवळा, डोळ्यांवरून काळा पट्टा गेलेला फुलपाखरू मासा. तसाच एक आमच्या सहा फुटी टाकीत वर्षभर होता. समुद्रात हे मासे बहुधा जोडीने फिरतात असं वाचलं, तेव्हापासून मला तो एकटा दिसायला लागला.

संभाजीनगरच्या दुकानदाराने बजावलं होतं, "घ्यायचाच तर लहान घ्या. बरोबरीचा नेलात तर जुना त्याला टिकू देणार नाही." मी दुकानातूनच वडिलांना फोन लावला. जन्मभर बैलजोड्या जुळवलेला माणूस.

"बराबरीचाच घे," ते म्हणाले. "एक उंच, एक ठेंगणा असला की जू वाकडं होतं."

मला पटलं. काचेला पट्टी लावून मापला: चार इंच, घरच्याएवढाच. पिशवी मांडीवर घेऊन रेल्वेने परतूरला आलो.

पत्नीने पिशवीत डोकावून विचारलं, "नवरा आणलात की नवरी?"

"बाहेरून कळत नाही."

"आणि घरचा?"

"त्याचंही नाही."

"मग सोयरीक कसली जमवताय?"

टाकीचं पाणी पिशवीत थेंब थेंब सोडून तासाभराने नवा आत सोडला. घरच्याने पाठीवरचे काटे उभे केले आणि त्याला डावीकडच्या दगडाच्या कपारीपासून उजव्या कोपऱ्यापर्यंत हाकललं. संध्याकाळपर्यंत नव्याची शेपटी फाटली होती. कोळंबीचा तुकडा समोर पडला तरी तो कोपऱ्यातून हलेना. दुकानदाराला फोन केला. "खात नसेल तर चार-पाच दिवसांत जाईल. परत आणा, निम्मे पैसे देतो."

पत्नी म्हणाली, "द्या परत. बिचारा मरेल."

वडील खुर्ची ओढून टाकीसमोर बसले होते. ते म्हणाले, "तो पोरगा कोपऱ्यात का बसून राह्यला, माहितेय का? तो दगूड जुन्याची गव्हाण हे. जुन्या बैलाच्या गव्हाणीवर नवा बांधला तर शिंगं लावणारच."

"पण बरोबरीचा घे तुम्हीच म्हणालात, दादा."

"ते जुवासाठी. ह्याह्यला कुठं औत वढायचंय? तिथं म्या चुकलो. आता दोघायलाबी नव्या जागी बांध. पह्यले जरा आड ठिव, वळख होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नंबरप्लेटवाल्याकडे गेलो. दोघांच्या मधे आड लावायला प्लास्टिकची पारदर्शक शीट टाकीच्या मापाने कापून, पाणी फिरावं म्हणून भोकं पाडून मागितली.

"कोणत्या गाडीला?"

"माशाला."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आधी बसते का बघा. पैसे मग."

शीट बसली. नव्याने त्याच संध्याकाळी कोळंबी उचलली. घरचा पहिले दोन दिवस शीटवर धडकत राहिला, मग धडकणं थांबवून तिच्या कडेने फिरायला लागला. नवाही त्याच्यासमोर, पलीकडून. हे भांडण की ओळख, मला सांगता येईना. वडील म्हणाले, काटे बघ. काटे पाठीवर मिटलेले होते.

आठवड्याने दोघांनाही बादल्यांत काढलं, सगळे दगड उपसून वेगळे रचले आणि शीट काढून दोघांना एकदमच सोडलं. पत्नी जाळी हातात धरून उभी होती, काही झालं तर नव्याला उचलायला. घरचा त्याची कपार शोधत राहिला. ती नव्हतीच. नवा त्याच्या मागे गेला, वीतभर अंतर ठेवून. मग दोघं एकाच दगडावर टोचा मारू लागले.

नर-मादी आहेत की नुसते सोबती, अजून माहीत नाही. दुकानदार म्हणतो, त्यालाही सांगता येणार नाही. मासा परत नेला नाही. नंबरप्लेटवाल्याला शीटचे साडेतीनशे रुपये रोख दिले.