शनिवारची पिशवी

देवराम शेवाळेला दारू सोडून दहा वर्षं झाली होती आणि त्यातली सहा वर्षं तो दर महिन्याला एक बाटली वाहत होता.

तो मूळचा कोरेगाव तालुक्यातला. फौजेतून हवालदार म्हणून जयपूरलाच निवृत्त झाला आणि प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं घर घेऊन राहिला. दारू सुटली तेव्हा आपल्यासारख्याच तिघांना घेऊन तो रविवारी बागेत बसू लागला. पुढे त्या बसण्याला 'संगत' हे नाव पडलं. पण आधी चौकीदाराने त्यांना हाकललं. "पियक्कडांची जागा नाही ही," असं तो हिंदीत ओरडला होता, आणि चौघांपैकी कुणालाही त्याला खोटं पाडता आलं नाही.

शेजारच्या गल्लीत राजन देशकर राहत. अमरावतीचे, विमा कंपनीतले निवृत्त अधिकारी. मुलगा बंगळुरूला असल्यामुळे त्यांची खालची खोली रिकामीच होती. ती त्यांनी संगतीच्या बैठकीला सहज देऊन टाकली आणि भाड्याचं नावही काढू दिलं नाही.

फौजी माणूस उपकाराखाली झोपू शकत नाही. आणि उपकार फेडायची त्याची एक पद्धत असते: फौजेच्या कँटीनमधून निवृत्तांना दर महिन्याला दारूचा कोटा मिळतो, त्यातली रमची बाटली. फौजेच्या लाइनीत, म्हणजे वसाहतीत, सगळे हेच करत. वीजवाल्याला द्यायचे, मुलीच्या लग्नात धावपळ केलेल्या शेजाऱ्यालाही. देवरामचा कोटा तसाही पडूनच होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कापडी पिशवी घेऊन तो देशकरांचा जिना चढू लागला. राजन शनिवारी एखादा पेग घेणारे गृहस्थ होते. त्यात वाईट काय?

घरी आल्यावर तो साबणाने हात धुवायचा.

"आवो, किती धुताय?" त्याची बायको मालन एकदा म्हणाली. "सांडली का काय कुठं?"

संगत वाढली. जयपूरच्याच सोडाल्यात दुसरी बैठक सुरू झाली, दुर्गापुऱ्यात तिसरी. संस्थेची नोंदणी झाली. अनुश्री नावाची शिकलेली मुलगी सचिव झाली. नवा माणूस आला की त्याला एक सोबती मिळे आणि नव्वद दिवस रोज सकाळी सोबत्याने त्याच्या घरी जाऊन चहा प्यायचा, हा नियम देवरामचाच.

मग एका रविवारी जिन्यावरून रमा देशकर खाली आल्या आणि नव्यांच्या खुर्चीवर बसल्या.

"आधी शनिवारीच घ्यायचे," त्या म्हणाल्या. "मग मतलब, कधी वाढलं कळलंच नाही. काल न्हाणीघरात पडले." त्यांनी देवरामकडे पाहिलं. "हवालदारसाहेब, तुम्हीच त्यांचे सोबती व्हा. त्यांना तुमचं पटतं."

देवराम हो म्हणाला. त्या महिन्यापासून त्याने कोटा उचलणं बंद केलं आणि एवढ्याने भागेल असं स्वतःला सांगितलं.

चौथ्या सकाळी राजनच्या हातातली कपबशी वाजत होती. रमाताई पोहे करायला आत गेल्या होत्या.

"पहिला शनिवार होऊन गेला न, हवालदार," राजन हळूच म्हणाले.

"आता नाही, साहेब."

"बरं. मी काही बोलत नाही, तूही बोलू नको. नाहीतर तुझी संगत बुडायची." ते हसले. दात पिवळे पडले होते. देवरामला ते पहिल्यांदाच दिसले.

रमाताई पोहे घेऊन आल्या. "तुम्ही होतात म्हणून," एवढंच म्हणाल्या, आणि त्याच्या बशीत जास्तीचं खोबरं घातलं. देवरामने बशी संपवली.

बैठकीत हे सगळं कबूल करणार, असं त्याने मालनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"गप बसा," ती म्हणाली. "चाळीस घरं उभी हायत त्या खोलीवर. तुमचं मन हलकं करायला त्यास्नी उघड्यावर आणताय व्हय?"

ते खरं होतं. म्हणूनच तो आणखी दोन आठवडे गप्प राहिला, आणि रोज सकाळी पोहे खाऊन आला.

तिसऱ्या रविवारी भरल्या बैठकीत तो उभा राहिला आणि त्याने हिंदीतून सगळं सांगितलं. कँटीन, कोटा, पिशवी, सहा वर्षं. अनुश्रीने वही मिटली.

"झूठ है," राजन मागून म्हणाले. "मी बाजारातून आणायचो. हा उगाच स्वतःवर घेतो."

खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला. माणसं देवरामकडे पाहू लागली, आणि तो आता नुसता खाली बसला असता तरी भागलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "मीच आणायचो."

रमाताई उठल्या. आवाज चढला नाही. "खोली राहू द्या," त्या मराठीत म्हणाल्या, बाकीच्यांना कळू नये म्हणून. "इथे लोकांची माणसं वाचतात. पण उद्यापासून चहाला येऊ नका."

राजनचा सोबती दर्शन झाला. तरुण आणि प्रामाणिक मुलगा, तीन वर्षं कोरडा. देवराम रविवारी सतरंज्या अंथरायचा आणि भिंतीशी बसायचा. कुणी त्याला वाईट बोललं नाही. कुणीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी राजन पुन्हा प्यायले. कुठून आणली कळलं नाही. त्या रविवारी रमाताई जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आल्या. दर्शन धावत पुढे झाला, पण त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"हवालदारसाहेब, वर या."

"मी काही करू शकेन असं..."

"करायला नाही बोलावलं," त्या म्हणाल्या. "बघायला या."

देवराम चढला. राजन पलंगाशेजारी फरशीवर पडले होते, सदरा ओला, डोळे अर्धवट उघडे. खोलीत तो वास होता जो त्याने स्वतःच्या घरात मालनला आठ वर्षं सोसायला लावला होता. रमाताईंनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि त्या आत निघून गेल्या.

तो खुर्चीवर बसला नाही. खाली बैठक सुरू झाली, तिचे आवाज वर येत राहिले. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि पाहत राहिला.