टेपमधला दोष

रविवार, १४ मे १९९५. रक्कम पस्तीस रुपये. हजर : मी, बबन मिस्त्री, हेडमास्तर आणि शेजारचा चहावाला. त्या दिवशी सोनईच्या बाजारात काय झालं ते चौघांनी पाहिलं. चूक कुणाची होती, ते मात्र मी आजवर कुणाला — बायकोलासुद्धा — सांगितलेलं नाही.

बायकोची भाची वैशाली पुण्याला हॉस्टेलवर शिकायची. सुटीत आली आणि एक कॅसेट आमच्याकडे विसरून गेली. मी ती लावली — कोरी असली तर भजनं भरून घेऊ म्हणून. निघालं भलतंच. एक बाई पाण्याच्या हौदात उतरून गातेय असा आवाज, गिटारी एकमेकींत विरघळलेल्या, शब्द एकही हाती लागेना. मी काय समजणार? टेप बिघडला.

बाजारात बबनकडे नेला. त्याने हेड पुसलं, बेल्ट बदलला, पस्तीस रुपये घेतले. घरी येऊन तीच कॅसेट लावली — आवाज तस्साच. टेप घेऊन तडक परत गेलो. त्याने भजनाची कॅसेट लावून दाखवली. ती स्वच्छ वाजली. म्हणाला, "भाऊसाहेब, टेपला काय बी झालं न्हाई. गानंच तसं हाय."

मी सोसायटीचा सेक्रेटरी, पैचा हिशेब न चुकणारा. आपलं काम झाकायला गाण्याला नावं ठेवतो, असं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं आणि पस्तीस रुपये मोजून परत घेतले. बेल्ट मात्र नवाच राहिला.

पुढे रोज दुपारी ती कॅसेट लावू लागलो. दोष शोधायला — असं मी म्हणायचो. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर लांब पाणी दिसतं ना, जवळ गेलं की नसतं? तसं ते गाणं. डोळे आपोआप मिटायचे. एक बाजू संपली की उठून दुसरी लावायचो. अशी सतरा वेळा तपासणी झाली. बायकोने विचारलं, सापडला का दोष? म्हटलं, अजून नाही.

जूनमध्ये वैशाली आली. "काका, हे असंच असतं," ती म्हणाली. "ड्रीम पॉप म्हणतात याला. आवाज मुद्दाम धूसर ठेवतात."

मुद्दाम! त्याच पावली बबनकडे जायला हवं होतं. गेलो का? मी तिच्याकडे त्या कॅसेटची कॉपी मागितली.

तोवर हेडमास्तरांनी एरवी बबनकडे येणारा शाळेचा लाऊडस्पीकर नेवाशाला दुरुस्तीला टाकला होता. त्यांचं बघून आणखीही गिऱ्हाइकं गेली. बबन सायकलींची पंक्चरं काढू लागला. हे मला दिसत नव्हतं? रोज दिसत होतं. पण खरं सांगायचं, तर सेक्रेटरी भरदुपारी डोळे मिटून न कळणाऱ्या बाईचं गाणं ऐकतात, हेही सांगावं लागलं असतं. माझी हिंमत झाली नाही.

तीन वर्षांनी मिक्सर बिघडला. बबनने साठ रुपये सांगितले. मी शंभराची नोट ठेवून निघालो.

"भाऊसाहेब, चाळीस ऱ्हायले."

म्हटलं, असू दे तुला.

"कशाचे?"

मी तोंड उघडलं — आणि चाळीस रुपये खिशात घातले. बबन मिस्त्रीला दिले ते मिक्सरचे साठ.