विनयाने न विकलेलं मंगळसूत्र

विनयाने मंगळसूत्र कधीच विकलं नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक मला शहाणपण शिकवायला येतात, म्हणून. दुर्गापुऱ्यात आमची दारं समोरासमोर. तिचे यजमान सुधाकरराव विमा कंपनीत अधिकारी, साताऱ्याहून जयपूरला बदलून आलेले. घरात कशाची वानवा नाही. बाई मात्र इतकी भिडस्त, की भाजीवाल्या भैयाने किडकी भेंडी घातली तरी मुकाट घेऊन यायची.

२००६ साली तिची लेक कौमुदी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत निवडली गेली. विनया सोबत मुंबईला गेली. मंगळसूत्र नेमकं तुटलेलं, म्हणून जाताना गाठवायला टाकलं होतं. तिथल्या दिग्दर्शकाने मोकळा गळा पाहिला आणि म्हणाला, "माँजी, लेकीच्या गाण्यासाठी मंगळसूत्र विकलं, असं बोला." ही म्हणाली, छे हो, गाठवायला दिलंय. तो म्हणाला, दोनच तर वाक्यं आहेत. कौमुदीचं गाणं दहा मिनिटांवर आलेलं. बाई बोलून गेली! आणि रडली, लाजेने. लोकही तिच्यासोबत रडले.

कौमुदी जिंकली, नावाजली. आईला दर रविवारी एक कार्यक्रम मिळाला, दुःखी बायकांची समजूत घालायचा. करारात अट होती, चारचौघांत गळा मोकळाच ठेवायचा. शेजारच्या गोपालपुऱ्यात क्लासेसना आलेल्या पोरी तिच्या पाया पडायच्या आणि ही माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायची.

"मधुमतीताई, मला नकोय हो हे."

"मग सांग ना खरं! तोंड शिवलंय का कुणी?"

"कौमुदीनेही सगळीकडे तेच सांगितलंय. मी खरं बोलले तर पोर खोटी पडेल."

कप्पाळ! मी चहाचं आधण ठेवलं.

२००८च्या संक्रांतीला आमच्या मराठी मंडळात हळदीकुंकू होतं. कुंकू लावत होती ती जयपुरात नवीनच आलेली एक तरुण मुलगी. टीव्हीवर विनयाचा नवरा तिने कधी पाहिला नव्हता. मोकळ्या गळ्याकडे पाहून ती ओशाळली आणि पुढच्या बाईकडे वळली. सुधाकरराव बाहेर खुर्च्या मांडत होते, चांगले धडधाकट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विनया उठून गेली.

त्या रात्री तिने कौमुदीला फोन केला. रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगणार म्हणाली. कौमुदी म्हणाली, "ठीक आहे, आई. बाबांनाही घेऊन ये."

मी रविवारी टीव्हीसमोरून हलले नाही. विनयाने माईक धरला, "मला आज एक खरं सांगायचंय," म्हणाली, तेवढ्यात कौमुदी मखमली डबी घेऊन स्टेजवर आली. "आई, तू माझ्यासाठी विकलंस, मी परत आणलं!" सुधाकररावांना पुढे बोलावलं. त्यांनी ते नवं मंगळसूत्र बायकोच्या गळ्यात घातलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. विनयाने लेकीकडे पाहिलं. लेक हात जोडून उभी होती. विनयाने माईक खाली ठेवला.

नव्या करारात अट बदलली. आता चारचौघांत तेच घालायचं. लग्नातलं ती आंघोळ झाल्यावर देवासमोर दहा मिनिटं घालते आणि दाराची बेल वाजली की घाईघाईने काढून ठेवते. बेल वाजवणारी मीच असते, तरीही काढते.