आपोआप बसणारी गाडी

"गाडी आपोआप स्पोर्ट मोडमध्ये जाते आणि गेली की खाली बसते," संतोष अण्णांनी तिसऱ्यांदा तीच तक्रार सांगितली. आवाज चढला होता. "जमत नसेल तर गाडी परत घ्या!"

होसकोटे रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये सस्पेन्शनची कामं मी बघते. दोनदा सॉफ्टवेअर नव्याने टाकून मीच "ओके" म्हटलं होतं. मॅनेजर म्हणाले, "आता ही गाडी परत आली, तर तुझी बदली वॉशिंगला."

या गाडीत स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. स्पोर्ट मोड लावला की थोडी हवा निघते, गाडी बोटभर खाली येते आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर कडक होतात. मग वळणावर गाडी कलत नाही, रस्त्याला चिकटून पळते. काय मजा येते म्हणून सांगू! पण मारतहळ्ळीच्या गल्लीतला हंप, म्हणजे स्पीडब्रेकर, आला की गाडीचं पोट घासतं आणि प्रत्येक खड्डा कंबरेला कळतो.

वर्कशॉपमध्ये गाडी गुणी बाळासारखी वागायची. म्हणून मी सकाळी अण्णांच्या घरीच गेले आणि लॅपटॉप जोडून मागच्या सीटवर बसले. अण्णांनी गाडी चालू केली आणि उतरून गेट उघडायला गेले.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. अण्णांची आई! त्यांनी आत हात घालून ऐटीत स्पोर्टचं बटण दाबलं आणि गाडीला म्हणाल्या, "बस गं, स्वल्प बस."

गाडी फुस्स करून बसली. अज्जी अलगद आत सरकल्या. मला हसू आवरेना.

"अज्जी, हे बटण कुणी दाखवलं?"

"कुणी कशाला? चुकून दाबलं, तर बसली की! माझे गुडघे वर चढत नाहीत बाई."

अण्णा धावत आले. "आई, तू? मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं, तर म्हणाला असतास, घरीच थांब."

मी सेटिंगमधला एक ऑप्शन चालू केला. आता दार उघडलं की गाडी बसते आणि निघाली की आपली उठते. सोय पहिल्यापासून होती, कुणी लावलीच नव्हती.

मग टेस्ट ड्राइव्ह. रिंग रोडच्या मोकळ्या वळणावर अण्णांनी मुद्दाम स्पोर्ट मोड लावला. गाडी जराही न कलता सर्रकन वळली. अज्जी टाळ्या पिटत ओरडल्या, "अजून एकदा!" मीही ओरडले. आम्ही चक्क तीनदा वळलो.

मॅनेजरांचा फोन आला. "फॉल्ट सापडला?"

"हो सर, पुढच्या सीटवर बसलाय."

माझी बदली टळली. तेव्हापासून लॅपटॉप जोडण्याआधी मी विचारते, "गाडीत अजून कोण बसतं?"