काटासाहेब धनुष्य करून घेतात

धनुष्य करायला टाकायचं ठरलं, त्या दिवशी काटासाहेबांनी घरातून निघताना तीन गोष्टी बरोबर घेतल्या: टेप, भिंग आणि बायको. टेप मापासाठी, भिंग लाकडातली चीर शोधायला, आणि बायको साक्षीला.

वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेली वजनं, कापडवाल्याची बोटभर आखूड पट्टी, हे सगळं त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बाजारात ते दिसले की दुकानदार उगाचच काटा पुसायला लागत. त्यावरूनच हे नाव पडलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते सुटलं नाही, कारण सवय सुटली नाही. साखरेची पुडी घरात आली की ती डब्यात जाण्याआधी काट्यावर जायची. बायको म्हणायची, "मला पसंत केलंत त्या दिवशी काटा घरी विसरला होतात वाटतं."

दोन वर्षांपूर्वी मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, त्यांना विटांच्या बंद कारखान्यामागच्या मैदानावर ओढून नेलं. तिथे दर रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं जुन्या पद्धतीच्या लांब धनुष्यांनी नेम मारायची. काटासाहेब एकदा गेले आणि तिथलेच झाले. बाण लागतो किंवा लागत नाही, त्यात कुणाला मेण चिकटवता येत नाही, हे त्यांना फार आवडलं होतं.

मैदानावर दोन ओळी होत्या. जवळची ओळ तीस पावलांवरून मारायची, लांबची साठ पावलांवरून. लांबच्या ओळीत उभं राहायचं तर धनुष्य चाळीस पौंडांचं तरी हवं, असा नियम होता. पौंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला जितक्या वजनाचा जोर लागतो तो. काटासाहेब या नेमबाज मंडळाचं एक जुनं धनुष्य वापरायचे. त्यावरचा आकडा कधीच पुसला गेला होता, त्यामुळे ते लांबच्या ओळीत उभे राहायचे आणि कुणी काही विचारायचं नाही. पण त्या धनुष्याला तडा गेला. आता ज्याने त्याने आपलं आणायचं, आणि त्यावर आकडा लिहिलेला हवा, असं मेहुण्याने जाहीर केलं. लांबच्या ओळीचा तो म्होरक्या होता. त्याचं धनुष्य पन्नास पौंडांचं होतं, आणि हे त्याने आजवर ज्याला सांगितलं नाही असा माणूस त्या भागात सापडला नसता.

काटासाहेबांची अडचण वेगळी होती. सहा महिन्यांपासून त्यांचा उजवा खांदा दुखत होता. न्हाणीघराची कडी लावून ते गुपचूप तेल चोळायचे. ही गोष्ट बाहेर फुटली, तर जवळच्या ओळीत नवशिक्यांमध्ये उभं राहावं लागेल, आणि मेहुण्याच्या जिभेला आयतं खाद्य मिळेल. तसं झालं तर आपण मैदानावर जाणंच सोडून देऊ, हे ते स्वतःला ओळखून होते. मग उरलं काय? घर, आणि साखरेच्या पुड्या.

म्हणून त्यांनी पंचेचाळीस सांगायचं ठरवलं. चाळीसच्या वर पाच, म्हणजे कुणाला शंकाच नको.

धनुष्य करणाऱ्या बाईंची खोली एका अरुंद गल्लीच्या टोकाला होती. पूर्वी त्या कुदळीचे, कुऱ्हाडीचे दांडे करायच्या. भिंतीला उभ्या लाकडी पट्ट्या टेकवलेल्या, जमिनीवर घोट्याएवढा भुसा, आणि समोरच्या भिंतीत एक जाड खुंटी. बाई पन्नाशीच्या, हाडापेराने मजबूत, बोलणं कमी. कमी बोलणाऱ्या विक्रेत्यावर काटासाहेबांचा आधीच विश्वास नसे. त्यातून या बाईंचं नाव सुचवलं होतं मेहुण्याने.

"दोघांचं काहीतरी साटंलोटं असणार," ते दाराच्या पायरीवरच बायकोच्या कानात म्हणाले.

"धनुष्याच्या दांड्यात कसलं साटंलोटं, अहो?"

"ते अजून कळायचंय."

आत गेल्यावर त्यांनी पिशवी खिळ्याला अडकवली, टेप काढली आणि ताठ उभे राहिले. बाईंनी टेपकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किती पौंडांचं हवं?"

"पंचेचाळीस."

"दोरी ओढता किती?"

"अठ्ठावीस इंच," काटासाहेब म्हणाले. मैदानावर सगळे अठ्ठावीसच म्हणायचे.

बाईंनी त्यांच्या हातात एक अगदी हलकं धनुष्य दिलं आणि दोऱ्याच्या खुणा बांधलेली एक लांब काडी दिली. "ओढा. नेम नको, नुसतं ओढा." त्यांनी ओढलं. बाई बाजूला वाकून काडीकडे बघत राहिल्या. "हं," म्हणाल्या, आणि एका वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. लिहिताना डावा तळवा आडवा धरला होता. काटासाहेबांनी मान लांब केली, पण काही दिसलं नाही. मग बाईंनी त्यांच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला आणि मुठीत आवळायला लावला. बोटांच्या खळग्या उमटलेला तो गोळा त्यांनी फळीवर ठेवला. तिथे असे तीसेक गोळे ओळीने वाळत होते.

"याचं काय करणार?" काटासाहेबांनी विचारलं.

"मूठ करणार. तुमच्या हाताची."

"आणि हा वहीतला मजकूर?"

"तो माझ्यासाठी आहे, साहेब."

बाईंनी एक पिवळसर पट्टी निवडली. झाडाची एका वर्षाची रेघ तिच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न तुटता गेली होती. काटासाहेबांनी भिंग लावून ती रेघ पूर्ण तपासली. खोट सापडली नाही, त्यामुळे त्यांना जास्तच काळजी वाटली. बाई पाणी आणायला वळल्या, तशी त्यांनी खिशातली पेन्सिल काढून पट्टीच्या पोटावर, म्हणजे आतल्या बाजूला, एक बारीक ठिपका दिला. मागून पट्टी बदलली तर पकडता यावं म्हणून. बायकोने ते पाहिलं आणि छताकडे बघायला लागली.

पुढचे तीन आठवडे काटासाहेब फिरायला म्हणून निघायचे आणि त्या गल्लीतून दोनदा जायचे. खिडकीतून दिसायचं: खुंटीवर आडवं ठेवलेलं धनुष्य, दोरीला बांधलेला दोर बाई हाताने खाली ओढताहेत, धनुष्याचे दोन्ही हात वाकताहेत, आणि बाई मान तिरकी करून बघताहेत. मग खाली काढायच्या, पोटाकडून दोन-चार पातळ साली तासायच्या, पुन्हा खुंटीवर. दर वेळी जमिनीवर आणखी लाकूड पडायचं.

"रोज कमी करतेय," ते घरी येऊन म्हणाले. "उघड्या खिडकीत, दिवसाढवळ्या माल कमी करतेय."

"तासल्याशिवाय धनुष्य होतं का?" बायको म्हणाली. "नाहीतर तुळई खांद्यावर टाकून जा मैदानावर."

खांदा हा शब्द आला तसे काटासाहेब साखरेची पुडी तोलायला आत गेले.

धनुष्य हातात आलं तेव्हा त्यांनी आधी पोटावरचा ठिपका शोधला. नव्हता.

"ठिपका नाही," ते रस्त्यात थांबून म्हणाले.

"अहो, तासलेल्या भागावर होता ना तो? सालीबरोबर गेला."

हे पटण्यासारखं होतं. त्यामुळे त्यांचा मूड आणखी बिघडला.

धनुष्याच्या मुठीखाली शाईने '४५' लिहिलं होतं. मूठ हातात अशी बसली, की जणू हात घालायला कुणी जुना हातमोजा दिला. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी गवताच्या भाऱ्यावर बाण मारून पाहिले. दहा मारले, वीस मारले. खांदा बोलला नाही. तिसावा बाण काढताना काटासाहेब थबकले. पंचेचाळीस पौंड आणि इतकं अलगद? ज्या दुकानात गिऱ्हाईक खूश होऊन बाहेर पडतं, तिथे हमखास काहीतरी सापडतं, हा त्यांचा अनुभव होता.

त्यांनी ट्रंकेतून हुकाचा ताणकाटा काढला. धनुष्य दाराच्या चौकटीत अडकवलं, एक बाण चढवला, आणि आपण नेहमी ओढतो तिथे बाणावर खडूने रेघ मारली. मग काट्याने दोरी रेघेपर्यंत खाली ओढली. काटा किलोचा होता. सतरा किलोला थोडं कमी. पौंडांचा हिशेब त्यांनी दोनदा केला. सदतीस.

बायको सांगते की त्या दुपारी त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता.

"आठ पौंड!" ते म्हणाले. "आठ पौंड खाल्ले बाईंनी. चल."

"मी कशाला?"

"साक्षीला."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हातातलं तासायचं पातं खाली ठेवलं. "कुठवर ओढून मोजलंत?"

"मी ओढतो तिथवर. ही काय खडूची रेघ."

"आणि तुम्ही ओढता किती?"

"सांगितलं होतं. अठ्ठावीस."

"मोजा की. टेप आहे तुमच्याकडे. माझी नको, माझ्या टेपवर तुमचा भरवसा बसायचा नाही."

काटासाहेबांनी बाणाच्या दोरीकडच्या खाचेपासून खडूपर्यंत टेप लावली. बघितलं, उचलली, पुन्हा लावली. टेपवर त्यांच्याच खात्याचा शिक्का होता. पंचवीस.

सगळ्या बाजाराची मापं तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा हात तेवढा तपासायचा ठेवला होता.

बाईंनी ताणकाटा त्यांच्याच हातून घेतला आणि दोरी अठ्ठावीस इंचांपर्यंत ओढली. काटा वीस किलोच्या पुढे गेला. पंचेचाळीस पौंड, चोख.

"धंद्यात आकडा अठ्ठाविसाला मोजून लिहितात," त्या म्हणाल्या. "सगळीकडे. माणूस कुठवरही ओढो. कमी ओढलं की जोर कमी लागतो." मग त्यांनी ती वही काढली आणि पान उघडून समोर धरलं. पेन्सिलीने तीन ओळी होत्या: *सांगतात २८. ओढतात २५. उजवा खांदा, बोलत नाहीत.*

काटासाहेबांनी गर्रकन बायकोकडे पाहिलं. "तू सांगितलंस."

"मी?" बायको म्हणाली. "सहा महिने शर्टाला तेलाचा वास येतोय, मी तुम्हाला विचारलं नाही, तर यांना कशाला सांगू?"

"मग यांना कसं कळलं?"

"उजव्या हाताचे आहात," बाई म्हणाल्या, "पण पहिल्या दिवशी पिशवी खिळ्याला अडकवलीत ती डाव्या हाताने. उजवा वर गेलाच नाही. म्हणून पंचविसाला तुम्हाला पेलेल असं केलं, आणि आकडा मागितलात तो अठ्ठाविसाला बसवला. आकडा खोटा नाही, साहेब. लांबच्या ओळीत याच आकड्यावर सगळे उभे आहेत. तुम्हीही राहा."

काटासाहेब स्टुलावर बसले. धनुष्य मांडीवर आडवं होतं. हवं होतं ते मिळालं होतं: आकडा पंचेचाळीस, खांदा शाबूत, आणि मेहुण्याला बोलायला जागा नाही. बराच वेळ ते शाईवरून अंगठा फिरवत राहिले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "एकतीस वर्षं मी दुकानदारांना एकच विचारत आलो. वजनावर काय लिहिलंय ते मला नको, गिऱ्हाइकाच्या पिशवीत किती पडलं ते दाखव." त्यांनी धनुष्य पुढे केलं. "हे खरवडा. पंचविसाला सदतीस असं लिहा."

"जवळच्या ओळीत जावं लागेल."

"माहीत आहे."

बायकोने छताकडे बघितलं नाही. तिने त्यांची पिशवी खिळ्यावरून काढून आपल्या हातात घेतली.

रविवारी मेहुण्याने एकेकाच्या धनुष्यावरचा आकडा वाचत ओळ लावली. काटासाहेबांपाशी तो थांबला.

"सदतीस? दाजी, हे कोणी लिहिलं?"

"मीच लिहून घेतलं."

"मग पलीकडे व्हा. काय करणार, नियम म्हणजे नियम. जपून बरं का, तिकडे पोरीबाळी आहेत, तुमच्यापेक्षा चांगला नेम आहे त्यांचा."

काटासाहेब जवळच्या ओळीत गेले. शेजारी एक नवशिकी परिचारिका उभी होती, तिने सरकून जागा दिली. त्यांचे पहिले चार बाण नीट लागले. पाचवा चढवताना सहज त्यांची नजर लांबच्या ओळीकडे गेली आणि तिथेच अडकली. मेहुणा दोरी ओढत होता. तोंड लाल झालं होतं, पोट पुढे आलं होतं, आणि दोरी हनुवटीच्या बरीच अलीकडे थांबली होती. काटासाहेबांनी डोळे बारीक केले. या नजरेने त्यांनी एकतीस वर्षं दुकानं बंद पाडली होती.

त्यांनी बाण खाली ठेवला, पिशवीत हात घातला आणि ताणकाटा काढून लांबच्या ओळीकडे चालत गेले.

"तुझं पन्नास, ते किती इंचाला रे?"

"इंचाला म्हणजे?" मेहुणा म्हणाला. "पन्नास म्हणजे पन्नास."

"ओढ. मी खडू आणलाय."

चोवीस इंच निघाले. एकोणचाळीस पौंड. मेहुण्याने काटा हलवून पाहिला, मग त्याखालचा शिक्का पाहिला, मग काटासाहेबांकडे. तोवर बाकीचे गोळा झाले होते, आणि ज्यांना आपल्याबद्दल खात्री होती तेच सगळ्यात आधी पुढे आले. एक-एक करत सगळ्यांची धनुष्यं तोलली. ऊन चढेपर्यंत लांबच्या ओळीत तिघेच उरले: टपाल वाटणारी उंच बाई, तिचा नवरा आणि एक सुतार. जवळच्या ओळीत मात्र कोपराला कोपर लागत होता, आणि परिचारिकेला दोनदा आपली जागा सोडून मागे व्हावं लागलं.

मेहुणा काटासाहेबांच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने दोन बाण मारले. मग डाव्या हाताने उजवा खांदा चेपत, दुसरीकडे बघत त्याने हळूच विचारलं, "दाजी, तुम्ही ते तेल कुठलं लावता?"

काटासाहेबांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "तेल लावतो हे तुला कोणी सांगितलं?"

"ताई म्हणाली."

"कधी?"

"झाले चार-पाच महिने."

काटासाहेबांनी मैदानाच्या कडेला बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती अगदी निवांत आकाशाकडे बघत होती. त्यांनी मेहुण्याला तेलाचं नाव सांगितलं. मग बाण दोरीला लावता लावता म्हणाले, "पण घेताना बाटली बघून घे. बुचापर्यंत भरत नाहीत लेकाचे."