जोंधळ्याएवढा मणी

व्यापाराचा आत्मा म्हणजे विश्वास. हे वाक्य भाऊसाहेबांनी माइकवर तीनदा म्हटलं आणि त्याच विश्वासाने कात्री चालवली. कॉम्प्युटरवर आडवी बांधलेली रिबीन कापली गेली. तिच्याखालून जाणारी माउसची वायरही कापली गेली. टाळ्या झाल्या. कर्जतमधल्या एका वेबसाइटचं लोकार्पण झालं होतं, आणि ती उघडून दाखवायला माझ्याकडे माउस उरला नव्हता.

मी नगरला राहते आणि वेबसाइट बनवते. नागापूरच्या कारखान्यांच्या, शिर्डीच्या हॉटेलांच्या. नटबोल्ट आणि डबल बेडच्या खोल्या यांवर माझं पोट चालतं. मणी, लेस, गोंडे, कुंदन आणि राखीचं सामान विकणारं ऑनलाइन दुकान मी पहिल्यांदाच करत होते. दुकान शकूताईंचं. बाजारात त्यांचा गाळा होता, आणि ऑनलाइनसाठी घराची पुढची खोली त्यांनी मागून घेतली होती. भाऊसाहेब त्यांचे धाकटे दीर. ते पुष्कळ संस्थांचे अध्यक्ष आहेत. सगळ्या फ्लेक्सवर मावत नाहीत म्हणून शेवटी 'इत्यादी' छापतात.

अडचण त्या खोलीचीच होती. भाऊसाहेबांना तिथे संपर्क कार्यालय काढायचं होतं.

"वैनी, राखीपौर्णिमेपर्यंत बघू," ते म्हणाले. "तवर तुमचं ऑनलाइन चाललं तर चाललं. न्हाईतर खोली जनतेची."

"जनतेला बसायला पार हाय की, भाऊजी. माझ्या मन्यांना कुटं हाय?"

"मनी महत्त्वाचं का मानूस?"

"मानूस रोज येतोय व्हय तुमच्याकडं?"

भाऊसाहेबांनी विषय बदलला आणि वेबसाइटच्या पहिल्या पानाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. त्यामुळे साइट उघडली की आधी त्यांचा हात जोडलेला फोटो यायचा, मग अध्यक्षीय मनोगत. ते ग्रामीण स्त्रीशक्तीपासून सुरू होऊन जागतिक बाजारपेठेपर्यंत जायचं. मणी त्याच्या खाली. गिऱ्हाईक यायचं, भाऊसाहेबांना बघायचं आणि निघून जायचं. आमच्या धंद्यात याला बाउन्स म्हणतात. चेंडू भिंतीवर आपटून परत यावा, तसं. इथे भिंतीला मिशा होत्या.

मी भाऊसाहेबांकडे गेले. "सर, मनोगत असं गर्दीत नको. त्याला स्वतंत्र दालन देऊ."

"स्वतंत्र दालन" हे शब्द त्यांना फार आवडले. मनोगत वेगळ्या पानावर गेलं. त्या पानाला आजही रोज एक जण भेट देतो. तोही कर्जतहूनच.

आता पहिल्याच पानावर मणी दिसू लागले आणि ऑर्डरी सुरू झाल्या. पुण्या-कोल्हापूरच्या, घरी राख्या बनवणाऱ्या बायका हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. शकूताईंनी पहिल्या पार्सलला हळदकुंकू लावलं. दुसऱ्यालाही लावलं. मग पार्सलं परत यायला लागली, हळदकुंकवासकट.

तक्रार एकच होती. मणी छोटा निघाला. दोष माझ्या फोटोंचा होता. लहान वस्तू फार जवळून टिपली की ती भव्य दिसते. तीन मिलिमीटरचा मणी स्क्रीनवर बुंदीच्या लाडवाएवढा दिसायचा. खाली मी माप लिहिलं होतं, पण मिलिमीटर कोणी वाचत नाही. वाचलं तरी डोळ्यांपुढे काही येत नाही. मी समोर बसले असताना एक बाई फोनवर शकूताईंना म्हणाल्या, "अहो, हा मणी आहे की खसखस?"

"फोटूत मोठा दिसतो, ताई."

"मग फोटोच पाठवायचा होता!"

यावर उपाय असतो. वस्तूशेजारी ओळखीची दुसरी वस्तू ठेवायची, म्हणजे आकार कळतो. याला स्केल शॉट म्हणतात. भाऊसाहेबांना हे कळताच त्यांनी आपलं बोट देऊ केलं. बोटात अंगठी होती, आणि अंगठीत गणपती होता. त्या गणपतीशेजारी आमचा सगळ्यात मोठा मणी त्याच्या उंदराच्या डोळ्याएवढा दिसला. एकही ऑर्डर आली नाही.

आषाढ लागला. राखीचं सामान घेणाऱ्या बायका याच सुमाराला घेतात. नंतर विकायला उरतं ते पुढच्या वर्षीचं. आणि भाऊसाहेब एका संध्याकाळी टेप घेऊन आले व खोलीची रुंदी मोजून गेले. फ्लेक्सचं माप, म्हणाले. त्या दिवशी शकूताई माझ्या चहात साखर घालायला विसरल्या, आणि मीही तो तसाच प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी नवे फोटो काढायला बसले. शकूताई शेजारी ज्वारी निवडत होत्या. आमच्याकडे ज्वारीला जोंधळा म्हणतात. बोलता बोलता एक दाणा माझ्या पांढऱ्या कागदावर उडाला असणार. तो मला दिसला नाही. फोटो साइटवर चढला. लाल काचेचा मणी, आणि शेजारी एक जोंधळा.

आठदहा दिवसांनी शकूताईंचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"मॅडम, त्यो फोटू काढा आधी! दाना दिसतोय त्यात. लोक म्हनतील, दुकान हाय का गिरनी?"

मी काढणारच होते. त्याआधी सवयीने आकडे पाहिले. तो लाल मणी बऱ्यापैकी विकला गेला होता आणि एकही परत आला नव्हता.

"शकूताई, घरात तूर आहे?"

"हाय की. किती पाहिजे?"

"एक दाणा."

दिवसभर आम्ही दोघी हसत होतो. मोहरीएवढा मणी, जोंधळ्याएवढा मणी, तुरीएवढा, हरभऱ्याएवढा. गोंड्यासाठी बोर हवं होतं. बोरांचा हंगाम नव्हता, म्हणून लिंबू आणलं. कुंदनाशेजारी साबुदाणा ठेवला तेव्हा शकूताई म्हणाल्या, "येवढ्यात उपास भागला असता." मिलिमीटर खाली बारीक अक्षरात ठेवले, कारखान्याच्या सवयीने.

ऑर्डरी वाढल्या. रिटर्न थांबले. शकूताईंनी हळदकुंकू लावणं बंद केलं, तेवढा वेळच राहिला नाही. आणि मग एका बाईंचा मेसेज आला : "लाल मण्याशेजारचा ऑफ-व्हाइट मणी कोणत्या विभागात आहे? छान मॅट फिनिश आहे."

आम्ही आधी हसलो. मग तसेच आणखी मेसेज आले. एकीने जोंधळ्याला 'नॅचरल बीड' म्हटलं होतं. एकीला तो फिकट गुलाबी छटेत हवा होता.

भाऊसाहेबांच्या शेतात जोंधळाच असतो. त्यांना लगेच जागतिक बाजारपेठ दिसली. "वैनी, इकू की! मागतायत तर."

"धान्याला मनी म्हनून इकू? न्हाई भाऊजी. पाप लागंल."

"मग काय फुकट देता?"

"व्हय. फुकट देते."

आणि खरंच, प्रत्येक पार्सलमध्ये चिमूटभर जोंधळा जायला लागला. जोंधळा भाऊसाहेबांचा, पुडी शकूताईंची, पुडीवर 'सप्रेम भेट' हे शब्द माझे. बायका पुडीचे फोटो टाकू लागल्या. ते पाहून त्यांच्या मैत्रिणी यायला लागल्या. या पुडीमागचं मार्केटिंगचं तत्त्व काय, असं मला नंतर एका परिसंवादात विचारलं गेलं. मी म्हटलं, पाप लागू नये.

राखीपौर्णिमा दोन आठवड्यांवर आली तेव्हा भाऊसाहेब फ्लेक्स घेऊन आले. खोलीचं दार अर्धंच उघडलं. आत छतापर्यंत पार्सलं होती. ते आडवे होऊन शिरायचा प्रयत्न करून बघत होते, तोवर बाहेर भुरभुर सुरू झाली. दारात टेम्पो अर्धा भरलेला होता, उघडा.

"भाऊजी, त्यो फ्लेक्स पानी धरतो का?"

"उत्तम प्रतीचा हाय," भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले, आणि मग त्यांना प्रश्न कळला.

फ्लेक्स टेम्पोवर बांधला. गडबडीत छापील बाजू वर आली. कर्जतपासून नगरपर्यंत भाऊसाहेब हात जोडून मण्यांवर पसरले होते. वाटेत बऱ्याच लोकांनी टेम्पोला नमस्कार केला. एवढा संपर्क कार्यालयातून झाला नसता, असं ते स्वतःच आता सांगतात. खोली शकूताईंकडेच राहिली.

या सगळ्यातून मी एक शिकले. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाला आत्मा नको असतो, आधी आकार हवा असतो. विश्वास मागाहून येतो, आणि कधीकधी जरा जास्तच येतो.

राखीनंतर एक रिव्ह्यू आला. चार स्टार. बाईंनी आमच्या लाल मण्यांच्या मध्ये मध्ये जोंधळा चिकटवून राखी केली होती, आणि भावाने ती प्रेमाने आंघोळीतसुद्धा हातावरून काढली नाही. सोबत मनगटाचा फोटो होता.

आता पुडीवर 'सप्रेम भेट'च्या खाली एक ओळ जास्त असते : भिजवू नये, मोड येतात.