नदीपल्याडचा जवाब

धसईच्या स्टँडवर मला निरोप द्यायला घरची अकरा माणसं आली होती आणि त्यांतल्या एकालाही बर्लिन कुठे आहे ते धड सांगता येत नव्हतं. मलाही फारसं येत नव्हतं. तिथल्या एका इस्पितळात नर्सची नोकरी मिळाली होती, एवढं पक्कं. मुरबाडची एसटी आली, दोन बॅगा आणि तांदळाच्या पापडांचा डबा चढला आणि मी निघाले.

प्रवासासाठी गाणी भरून घेण्यात मी आठवडा घालवला होता. त्यातली खरी ठेव म्हणजे काकीचं रेकॉर्डिंग. आमच्याकडे गौरीला बायका फेर धरतात (समोरासमोर दोन ओळी करून गात नाचतात). एक ओळ सवाल करते, दुसरी जवाब देते. काकी सवालाच्या ओळीची पुढारीण, मी जवाबाच्या. रेकॉर्डिंग करताना काकीचा आवाज स्वच्छ यावा म्हणून मी तोंड मिटून बसले. काकी प्रत्येक सवालानंतर थांबून माझ्याकडे बघायची, मी हातानंच ‘पुढे, पुढे’ करायची. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

विमानात हेडफोन लावले. काकीनं विचारलं, ‘सई गो सई, डोंगरापल्याड काय?’ मग नुसती शांतता आणि त्यात आमचा कोंबडा. मला राहवेना. ‘डोंगरापल्याड नदी गो,’ मी म्हटलं. किती मोठ्यानं, ते चार रांगांतली डोकी वळल्यावर कळलं. शेजारच्या आजोबांनी इंग्रजीत विचारलं, ‘तुम्ही कोणाशी बोलताय?’

‘काकीशी.’

त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं.

बर्लिन मला आवडलं. रुंद फुटपाथ, वेळेवर येणारी ट्राम आणि टणक काळसर पाव, जो चहात बुडवला की गुण्यागोविंदानं वागतो. चौथ्या मजल्यावर माझ्याबरोबर केरळची शीजा राहायची, तीही नर्सच. सुट्टीच्या दुपारी भात टाकताना मी काकीला लावायची आणि जवाब देत बसायची. एकदा सवाल आला, ‘सई गो सई, नदीपल्याड कोण?’ आणि मी अडले. काही केल्या जवाब आठवेना. लगेच काकीला फोन लावला.

‘काकी, नदीपल्याडचा जवाब काय गो?’

‘मला काय ठावं? आमची ओळ नुसती इचारते.’

‘इतकी वर्षं ऐकलंस ना तू?’

‘ऐकतंय कोण? मी पुढला सवाल आठवीत असते. नि तुझ्या ओळीतल्या बाया तुझ्या तोंडाकडं बघून गातात. तुझी आई गेल्यापासून तो जवाब तुझ्याकडंच हाय. माझ्याकडं नाय.’

आईनं दिलेलं मी वाटेत कुठेतरी सांडून आले होते आणि ते आता दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं. शीजानं माझा चेहरा बघितला, जेवलीस का म्हणून विचारलं आणि मुकाट्यानं ताट वाढलं.

वर्षानं गौरीला रजा मिळाली. जवाब आठवला नव्हताच. भर दुपारी अंगणात फेर उभा राहिला आणि काकीनं तोच सवाल टाकला. माझ्या ओळीतल्या सगळ्याजणी माझ्या तोंडाकडं बघू लागल्या. मग जे खरं होतं तेच मी गायले, ‘नदीपल्याड लेक तुमची गो, परक्यांची दुखणी काढते.’ ओळीनं ते उचललं.

काकीचं पाऊल चुकलं नाही, पण पुढला सवाल आमच्या गाण्यातला नव्हता. ‘परमुलखीच्या लेकीला गो, जेवलीस का पुसतं कोण?’

माझे डोळे भरून आले. ‘शीजा पुसते, शीजा गो,’ मी म्हटलं आणि पंधरा बायांनी शीजाचं नाव घेत फेर पुढे नेला.

आईचा जवाब गेला, त्याची रुखरुख मला जन्मभर राहील. पण त्या जागी गप्प राहिले असते, तर काकीचा हा सवाल मला कधीच मिळाला नसता.

फेर सुटल्यावर पदरानं घाम पुसत काकी जवळ आली.

‘ही शीजा कुणाची गो?’

‘माझी,’ मी म्हटलं.